माझ्याच सहीने

२०२० च्या ऑगस्टमधल्या एका दुपारी माझ्या संगणकाच्या पडद्यावर विंडोज अद्ययावत होत असल्याची खिडकी उघडली, आणि पंचवीस वर्षे संगणकावरच पोट भरलेली मी, असे काम चालू असताना यंत्र मध्येच बंद करू नये एवढे शहाणपण पाळून, मुकाट्याने चहा टाकायला उठले. बाहेर पावसाची झड लागलेली होती, टाळेबंदीमुळे गोखले रोडवरची वर्दळ अजून पूर्ववत झालेली नव्हती, आणि ठाण्याच्या नौपाड्यात एरवी कधीही न मिळणाऱ्या त्या शांततेत हार्ड डिस्कची किरकिर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होती. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ चालली आहे हे मला जाणवलेही होते. अपडेट मोठा असेल, असा मी त्याचा अर्थ लावला आणि चहात आले किसून घातले.

त्या दिवशी मला एका जुन्या ग्राहकाच्या आत्मचरित्राची, १९९८ साली जुळवलेली फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्राला वाचता येईल अशा आजच्या अक्षरव्यवस्थेत, हवी होती. ज्यांनी डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे, काम केले आहे त्यांना हे दुखणे ठाऊक असेल. त्या काळात आम्ही जो मराठी मजकूर बसवला तो संगणकाच्या लेखी मराठी नव्हताच. रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली ती देवनागरीची चित्रे होती, आणि तो विशिष्ट फाँट यंत्रात नसला की सबंध पुस्तकाचा चिन्हांचा उकिरडा होतो. असा मजकूर बदलून देणारी विकत मिळणारी साधने होती. मी फुकटातले शोधत होते. ज्या पानावर ते सापडले तिथे ‘डाउनलोड’ असे लिहिलेली तीन बटणे होती आणि त्यांच्याखाली सूचना होती की, अँटीव्हायरस विनाकारण आक्षेप घेईल, म्हणून तो थोडा वेळ बंद ठेवावा. मी तो बंद केला. मग पडदा काळवंडला आणि विंडोजने नेहमीचा प्रश्न विचारला: या प्रोग्रामला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे आहेत का? मी ‘हो’ म्हटले. दिवसातून चार वेळा म्हणते तसेच म्हटले.

चहा घेऊन परत आले तेव्हा पडद्यावरची सगळी चिन्हे पांढरी पडली होती. पेजमेकर, कोरल, वर्ड यांचे ओळखीचे रंग जाऊन सगळीकडे कोऱ्या कागदाचे चित्र आले होते आणि प्रत्येक फायलीच्या नावामागे चार निरर्थक अक्षरांचे शेपूट लागले होते. प्रत्येक फोल्डरात एकेक टिपण ठेवलेले होते. काळजी करू नका, फायली परत मिळतील, असा धीर देऊन त्यात पुढे म्हटले होते की किल्लीची किंमत ९८० डॉलर आहे, आणि पहिल्या ७२ तासांत संपर्क साधला तर ती निम्मी, म्हणजे ४९० डॉलर पडेल. खात्री पटावी म्हणून एक फाइल फुकट उघडून दाखवण्याचीही तयारी होती. साड्यांच्या दुकानातला सेल याहून फार निराळ्या भाषेत जाहीर होत नाही.

आमचा संगणक दुरुस्त करणारा मुलगा मास्क लावून, सॅनिटायझरची बाटली खिशात घेऊन दुसऱ्या दिवशी आला. त्याने ते टिपण वाचले आणि म्हणाला, “काकू, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, पण फायलींचं काही विचारू नका.” हा खंडणीखोर प्रोग्राम, म्हणजे रॅन्समवेअर, ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातला होता. फुकट साधने आणि ‘क्रॅक’, म्हणजे विकतची सॉफ्टवेअर फुकटात चालवून देणाऱ्या चोरवाटा, यांच्या पोटात बसून येणे ही त्याची नेहमीची वाट, आणि कुलपे लावण्याचे काम चालू असताना विंडोजच्या अपडेटची खोटी खिडकी दाखवून माणसाला गप्प बसवणे ही त्याची ठरलेली युक्ती. रशिया, बेलारूस, कझाकस्तान अशा काही देशांतल्या यंत्रावर आपण उतरलो आहोत असे दिसले, तर तो काहीही न करता निघून जातो, हे मला नंतर कळले. ठाण्याला अशी सवलत नव्हती.

पुढचे काही दिवस मी या प्रकाराला घरफोडी म्हणत होते. फोनवर मुलीला, शेजाऱ्यांना, ज्यांच्या फायली गेल्या त्या ग्राहकांना मी हेच सांगितले की कोणीतरी आत शिरले. पण घरफोडीत काहीतरी फुटते. कडी, कोयंडा, खिडकीचा गज, काहीतरी तुटलेले असते आणि पोलीस त्याचा पंचनामा करतात. इथे पंचनामा करायला काहीच नव्हते, कारण काही तुटलेच नव्हते. संगणकात चालणारा प्रत्येक प्रोग्राम कोणाच्या तरी नावाने चालतो. मी वर्ड उघडते तेव्हा वर्ड माझ्या नावाने चालतो, मला जी फाइल वाचता येते ती त्याला वाचता येते, मला जी पुसता येते ती त्याला पुसता येते. यंत्रापाशी माझा हेतू ओळखण्याची कसलीही सोय नाही. त्याला फक्त माझे नाव आणि त्या नावाला जोडलेले अधिकार कळतात. दस्त नोंदणीच्या कचेरीत ज्याच्या हाती रीतसर कुलमुखत्यारपत्र आहे तो मालकाच्या वतीने घर विकू शकतो, आणि तिथला कारकून मालकाच्या मनात काय होते याची चौकशी करत नाही. त्या दुपारी मी एका अनोळखी इसमाला कुलमुखत्यारपत्र लिहून दिले होते. त्याने माझ्या नावाने चौदा हजारांहून अधिक फायली उघडल्या, बदलल्या आणि मिटल्या. संगणकाच्या दृष्टीने ती सगळी मीच होते.

एकदा हे ध्यानात आल्यावर मला आमच्या धंद्यातले जुने व्हायरस नव्याने आठवू लागले, आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्यांत कुठेतरी माझा किंवा माझ्यासारख्याच कोणाचा तरी हात सापडला.

मी १९९५ साली घरात पहिला संगणक घेतला तेव्हा फ्लॉपीचे दिवस होते. ग्राहकाचे मॅटर फ्लॉपीवर यायचे, प्रूफ तपासून झाले की बटर पेपरवर प्रिंट काढून छापखान्यात जायचे, आणि मोठ्या कामाची फाइलही फ्लॉपीवरूनच फिरायची. त्या फ्लॉप्यांबरोबर आणखी कायकाय फिरत असे. पीसीवरच्या पहिल्या गाजलेल्या व्हायरसचा, १९८६ सालच्या ‘ब्रेन’चा जन्म लाहोरमधल्या दोन भावांच्या दुकानात झाला होता, आणि त्यांनी त्यात आपल्या दुकानाचा पत्ता व फोन नंबरही घालून ठेवला होता, आजच्या खंडणीखोरांच्या मानाने ही केवढी सभ्यता! तो फ्लॉपीच्या अगदी आरंभीच्या भागात बसायचा. फ्लॉपी खणात विसरून यंत्र चालू केले की तो आधी जागा व्हायचा. विसरणारा माणूस नसता तर तो जागचा हलला नसता.

२६ एप्रिल १९९९ हा सोमवार होता आणि ऐन लग्नसराई होती. मी ज्या छापखान्यात नेहमी जात असे तिथली दोन यंत्रे त्या सकाळी सुरूच झाली नाहीत. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ नावाच्या विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’ व्हायरस त्या तारखेची वाट पाहत जगभरच्या यंत्रांत दबा धरून बसला होता. त्याने डिस्कवरची माहिती तर पुसलीच, शिवाय जमेल तिथे मदरबोर्डवरच्या ज्या चिपमुळे यंत्र मुळात जागे होते तीही खरवडून टाकली. दोन मुलींच्या लग्नपत्रिका त्या यंत्रांत अडकल्या होत्या. मालकांनी मला रिक्षाने बोलावून घेतले आणि जुन्या कागदी प्रुफांवरून मी त्या रात्रीतून पुन्हा जुळवल्या. तो व्हायरस तिथे पोचला कसा, यावर छापखान्यात बरीच वादावादी झाली. पण गेमची एक सीडी कोणीतरी आणली होती आणि ती आलेल्या प्रत्येकाने आवडीने चालवली होती, हे सर्वांना ठाऊक होते.

पुढच्याच वर्षी, ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ निघाला. ईमेलसोबतच्या प्रेमपत्राच्या नावाचा शेवट ‘डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ असा होता. विंडोजला फायलीचा प्रकार सांगणारे ओळखीचे शेपूट लपवून ठेवण्याची सवय असल्यामुळे शेवटचे ‘व्हीबीएस’ दिसत नसे आणि चालणारा प्रोग्राम असूनही ते नुसते वाचायचे पत्र वाटे. पेनड्राइव्हच्या जमान्यात आपल्याकडे घरोघर फिरलेला ‘न्यू फोल्डर’ हाच धडा गिरवून आला होता. दिसायला पिवळे फोल्डर, त्याच्या नावामागे दडवलेले, चालणाऱ्या प्रोग्रामची खूण असलेले ‘ईएक्सई’. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह परत आला की त्यात असली दोनचार फोल्डरे ठरलेली असत, आणि आपण आपलेच फोल्डर समजून ती उघडत असू. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन शेपटे दिसू देण्याची एक खूण करता येते. ती करायला अर्धे मिनिट लागते. मी ती पहिल्यांदा २०२० साली केली, हे लिहिताना मला संकोच वाटतो.

अँटीव्हायरसविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. त्यांनी आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात क्विक हील उभे केले, ही गोष्ट आमच्या धंद्यातल्या लोकांनी नेहमीच अभिमानाने सांगितली. पण अँटीव्हायरसकडून काय अपेक्षा करावी याचा आमचा अंदाज चुकत होता. त्याचे मुख्य काम ओळखण्याचे. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावलेल्या फोटोंशी तोंडे ताडून पाहावीत तसे तो ज्ञात व्हायरसांच्या खुणा ताडतो, आणि अलीकडे प्रोग्रामची वागणूकही पाहतो. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८४ सालच्या निबंधातच दाखवून दिले की कधीही न चुकणारा ओळखणारा तयार होऊच शकत नाही. त्याची युक्ती गमतीची आहे. असा अचूक ओळखणारा आहे असे धरून चाला, आणि एक असा प्रोग्राम कल्पा जो आधी त्यालाच विचारतो, “मी व्हायरस आहे का?” उत्तर ‘हो’ आले तर तो गुपचूप बसतो, ‘नाही’ आले तर पसरत सुटतो. म्हणजे ओळखणाऱ्याने काहीही उत्तर दिले तरी ते खोटेच ठरते. एवढे असूनही त्या दुपारी माझ्या अँटीव्हायरसने आपले काम चोख केले असते, असे मला वाटते. त्याने बहुधा ओरड केली असती. म्हणूनच त्या पानावर त्याचे तोंड आधी बंद करायला सांगितले होते, आणि ते मी केले.

नवे विंडोज टाकताना मी त्या मुलाला सांगितले की मला दोन खाती हवीत. त्याला आश्चर्य वाटले, कारण घरातल्या संगणकावर सगळे जण ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळे अधिकार असलेला कारभारी, म्हणूनच बसतात. विंडोज एक्सपीच्या काळापासून लागलेली ही सवय व्हिस्टा या पुढच्या आवृत्तीने २००७ साली ते परवानगी विचारणारे काळवंडलेले पडदे आणले तरी मोडली नाही, उलट त्या पडद्यांना न वाचता ‘हो’ म्हणण्याची दुसरी सवय तिला येऊन मिळाली. आता माझे रोजचे खाते साधे आहे. कारभाऱ्याचे खाते वेगळे आहे, त्याचा पासवर्ड मोठा आहे, आणि तो मी एका कागदावर लिहून कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे. काही नवे बसवायचे असले की उठून कपाटापर्यंत जावे लागते. ती आठ पावले चालताना माणूस विचार करतो. माझ्या मुलीला हे हास्यास्पद वाटते, पण गेल्या काही वर्षांत मी निम्म्या वेळा कपाट न उघडताच परत येऊन बसले आहे.

इथे एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण साध्या खात्याची शिफारस करणारे ती बहुधा सांगत नाहीत. साधे खाते यंत्र वाचवते. त्याने फायली बचावत नाहीत. मी पूर्ण अधिकार दिल्यामुळे त्या खंडणीखोराला विंडोजने आपणहून राखून ठेवलेल्या फायलींच्या मागच्या आवृत्त्या पुसता आल्या, सुरक्षेच्या संकेतस्थळांच्या वाटा अडवता आल्या. साध्या खात्यातून ते त्याला जड गेले असते. पण माझी पत्रे, माझी पुस्तके, माझे फोटो हे माझ्याच साध्या खात्याचे आहेत आणि माझ्या साध्या नावाने चालणाऱ्या कोणालाही ते बदलता येतात. यावर विंडोजमध्ये २०१७ च्या अखेरीपासून एक उपाय आहे: ठरावीक फोल्डरांत फक्त विश्वासातल्या प्रोग्रामांनाच लिहू द्यायचे. तो आपण होऊन चालू नसतो, सुरक्षेच्या पानावर ‘रॅन्समवेअर’ या सदरात जाऊन चालू करावा लागतो, आणि पहिले काही दिवस तो आपल्याच जुन्या, निरुपद्रवी प्रोग्रामांना अडवून जीव नकोसा करतो. मी तो चालू ठेवला आहे. पेजमेकरची त्याच्याकडे शिफारस करताना मला गावाकडच्या नातेवाइकाची सोसायटीच्या वॉचमनशी ओळख करून दिल्यासारखे वाटले.

तरीही शेवटी भिस्त प्रतींवरच ठेवावी लागते, आणि प्रतींविषयीची माझी समजूत सर्वांत चुकीची होती. माझ्याकडे बॅकअप होता. एक टेराबाइटची बाहेरची डिस्क मी घेतलेली होती, तिच्यावर दर शनिवारी सगळे उतरवून ठेवत होते, आणि पुन्हा पुन्हा वायर लावण्याचा कंटाळा येत असल्यामुळे ती कायम जोडलेलीच असायची. खंडणीखोराला ती दुसऱ्या कोणत्याही फोल्डरासारखी दिसली. तीही पांढरी पडली. काही फायली मी इंटरनेटवरच्या साठ्यातही ठेवत होते; संगणकावरच्या बिघडलेल्या प्रती इमानेइतबारे तिकडे चढल्या आणि चांगल्यांच्या जागी बसल्या. तिथे मात्र जुन्या आवृत्त्या तीस दिवस राहतात, आणि त्या एकेक करून परत काढता आल्या. म्हणजे जिथे माझ्या ‘पुसा’ म्हणण्याला लगेच मान दिला गेला नाही, तेवढेच वाचले.

याचे सर्वांत मोठे उदाहरण २७ जून २०१७ चे आहे. त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रांत पसरला. आमच्या खाडीपलीकडे, न्हावा शेवाच्या बंदरातले त्या समूहाचे टर्मिनलही त्यात ठप्प झाले. युक्रेनच्या हिशेबनीसाचा आणि उरणच्या ट्रकवाल्याचा संबंध काय, असा प्रश्न तेव्हा वर्तमानपत्र वाचताना मला पडला होता. पण त्या कहाणीतला मला आवडणारा भाग वेगळा आहे. कंपनीच्या सबंध जाळ्याची ओळखपाळख ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या प्रती ठिकठिकाणी होत्या आणि त्या एकमेकांशी सतत जोडलेल्या असल्यामुळे एकजात पुसल्या गेल्या. घानामधली एक तेवढी राहिली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. भारनियमनात दिवस काढलेल्या महाराष्ट्रात राहूनही वीज गेल्यामुळे काही वाचल्याचे दुसरे उदाहरण मी तरी ऐकलेले नाही. कंपनीने पुढे पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले.

आता माझ्याकडे दोन डिस्का आहेत आणि त्यांतली एकही जोडलेली राहत नाही. एक कपाटात असते. दुसरी खारघरला मुलीच्या घरी असते, आणि महिन्यातून एकदा त्यांची अदलाबदल होते. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये खिडकीशी बसून मी ती पंचात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत, भाजीच्या डब्याच्या वर ठेवून नेते. घराला आग लागली, पावसाळ्यात तळमजल्यात पाणी शिरले किंवा मी पुन्हा मूर्खपणा केला, या तिन्ही संकटांत खारघरची डिस्क माझ्या हाताबाहेर राहते.

बाकीच्या गोष्टी मी करते, पण त्यांच्यावर फार लिहावे असे मला वाटत नाही. अपडेट येईल तसा घ्यावा, कारण काही किडे माणसाच्या ‘हो’ची वाट पाहत नाहीत; १२ मे २०१७ रोजी सुटलेल्या ‘वॉनाक्राय’ने ज्या भोकातून प्रवेश केला ते बुजवणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते आणि ज्यांनी ते लावले ते सुटले. विंडोज १० ला अशी ठिगळे सरसकट देणे ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबल्यापासून माझे जुने यंत्र मी इंटरनेटला लावत नाही, ते फक्त पेजमेकरसाठी आहे. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा; इंटरनेट जोडायला आलेला माणूस ‘ॲडमिन, ॲडमिन’ ठेवून जातो आणि आपण त्याला चहा पाजतो. त्या दुपारनंतर मला सगळे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावे लागले, कारण हे खंडणीखोर बरेचदा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा एक साथीदार बरोबर घेऊन येतात.

फोनवरून येणाऱ्यांबद्दल मात्र दोन वाक्ये जास्त लिहिते. हॅकर म्हटले की आपल्याला टोपडे घातलेला कोणी परदेशी तरुण आठवतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा तिथे रात्रपाळीला बसलेली आपल्याच भागातली शेकडो मुले सापडली. अमेरिकेच्या करखात्यातून बोलत असल्याची बतावणी करून ती तिकडच्या माणसांना धमकावत आणि पैसे उकळत होती. त्यांना कोणाचाही संगणक फोडावा लागत नव्हता. आज असाच फोन आपल्याला येतो, ‘काकू, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, हे ॲप टाका, मी इथून दुरुस्त करतो,’ आणि ते ॲप टाकले की आपला पडदा, माउस आणि बँकेचे खाते यांचे मुखत्यारपत्र त्याच्या हाती जाते. पैसे गेले तर ताबडतोब १९३० हा क्रमांक फिरवावा. पहिल्या तास-दोन तासांत ते वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

मी खंडणी दिली नाही. त्यात बाणेदारपणा फारसा नव्हता. बिटकॉइन कुठे मिळतो हे मला ठाऊक नव्हते आणि टाळेबंदीत विचारायचे तरी कोणाला. डच पोलीस आणि युरोपोल यांच्या पुढाकाराने २०१६ साली सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाच्या पानावर काही कुलपांच्या किल्ल्या फुकट मिळतात. माझ्या टिपणातल्या ओळखक्रमांकाचा शेवट ‘टी१’ असा असता तर कुलूप सर्वांसाठीच्या एका सामाईक किल्लीचे ठरले असते आणि आज ना उद्या ती मिळण्याची आशा होती. तो तसा नव्हता. किल्ली खास माझ्यासाठी घडवलेली होती.

पण त्या मुलाने एक गोष्ट शोधून काढली. घाई असल्यामुळे हा खंडणीखोर मोठी फाइल संपूर्ण बिघडवत बसत नाही. तिचा आरंभीचा सुमारे दीडशे किलोबाइटचा भाग कुलूपबंद करतो आणि पुढच्या फायलीकडे जातो. त्यामुळे बायोडेटा, पत्रे, बिले अशा लहान फायली समूळ गेल्या. पेजमेकरच्या मोठ्या फायली डोके गेल्यामुळे उघडेनात. पण ध्वनिमुद्रणाच्या एमपीथ्री फायली म्हणजे लहान लहान तुकड्यांची माळ असते, आणि सुरुवातीचे मणी फुटले तरी पुढची माळ वाजते.

माझ्याकडे अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चौदा ध्वनिमुद्रणे होती. ते नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते आणि निवृत्तीनंतर त्यांना जुन्या ठाण्याविषयी बोलायला आवडे, म्हणून २००७ ते २०१० या काळात मी एक छोटा रेकॉर्डर त्यांच्यापुढे ठेवत असे. त्यांतली पाच मी २००९ साली एका सीडीवर उतरवली होती. ती सीडी एकदाच लिहिता येणारी होती. मला हवे असते तरी तिच्यावरचे एक अक्षरही मला बदलता आले नसते. ती पाच जशीच्या तशी राहिली. उरलेली नऊ त्या मुलाने शेपूट काढून, बिघडलेला आरंभ कापून वाजती करून दिली. दीडशे किलोबाइट म्हणजे त्या मुद्रणांत साधारण साडेनऊ सेकंद. नऊ फायलींतली प्रत्येकी साडेनऊ सेकंद गेली, यात हळहळण्यासारखे काय, असे त्याला वाटले असावे.

अण्णा वर्गात फळ्यावर तारीख लिहिल्याशिवाय शिकवायला सुरुवात करत नसत, आणि रेकॉर्डरपुढेही त्यांनी तो नेम सोडला नव्हता. आधी वार, मग तारीख, मग तिथी, मग विषय. त्या नऊ मुद्रणांत वार, तारीख आणि बहुतेक ठिकाणी तिथी गेली आहे. मी फायलींना ‘अण्णा ६’, ‘अण्णा ७’ अशी आळशी नावे दिली होती, आणि फायलींवरची मूळ तारीख त्या दुपारी बदलून ऑगस्ट २०२० ची झाली होती. त्यामुळे आता मी ती ऐकते ती विषयासाठी नाही, तर मागच्या आवाजांसाठी. एकीत कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत आणि आईचा आवाज आहे, म्हणजे ती डिसेंबर २००८ च्या आधीची. एकीत पत्र्याच्या पागोळीवर पाऊस वाजतो. तो पत्रा आम्ही २०१० च्या उन्हाळ्यात काढला.

‘अण्णा ९’ शब्दाच्या मध्येच सुरू होते. “…द्ध पंचमी. विषय, मासुंदा तलाव.” मागे, बहुधा खालच्या मजल्यावर, झांजा वाजत आहेत आणि कोणीतरी लहान मूल आरतीत एक कडवे पुढे धावते आहे. खारघरला नेलेल्या डिस्कवर मी त्या फायलीचे नाव बदलून ‘भाद्रपद शुद्ध पंचमी’ असे केले, आणि सालाच्या जागी तूर्त प्रश्नचिन्ह टाइप करायला गेले, तर विंडोजने सांगितले की फायलीच्या नावात ते चिन्ह चालत नाही. मी ‘साल विचारणे’ असे लिहून ठेवले आहे. खालच्या मजल्यावरची मंडळी आता डोंबिवलीला राहतात; त्या मुलाचे वय कळले तर साल काढता येईल.